सुजातेच्या हातातलं भगुणं

रत्नपाल पेंटरचं एक म्हणणं होतं, आणि ते तो कुणी विचारलं नाही तरी सांगायचा. चित्रात तोंड थोडं चुकलं तर चालतं, भांडं चुकता कामा नये. हातात कमंडलू दिला की दत्त झाला, मग नाक कसंही असो. पळी दिली की अन्नपूर्णा झाली. लोक तोंड बघत नाहीत, भांडं बघून हात जोडतात. त्याचं हे अगदीच खोटं नव्हतं. गाणगापूरच्या एका लॉजच्या भिंतीवर त्यानं काढलेला दत्त आहे. तो थेट भालकी डेपोतल्या एका कंडक्टरसारखा दिसतो. तरी सोलापूर-पुण्याकडून आलेल्या बाया त्याच्यापुढं डोकं टेकून, कुंकू लावून जातात. कंडक्टरला आजवर कुणी नमस्कार केलेला नाही.

पण ही गोष्ट रत्नपालची नाही. त्याच्या आईची आहे, इंदिराबाईची. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं भांडायला येतील आणि त्यांच्याशी बोलण्यात कुणी जिंकत नाही. खटकचिंचोळीच्या बाजाराला चालत जाता येतं एवढ्या अंतरावर ते आहे, इतकं पुरे. गावाच्या पूर्वेला बौद्ध वस्ती, वस्तीच्या टोकाला विहार, आणि विहारात रोज सकाळी वंदना सांगायला इंदिराबाई. वय अठ्ठ्याहत्तर. अंगानं वाळलेली, आवाज मात्र खणखणीत. ती पंचशील सांगायची, बाकीचे मागून म्हणायचे. हत्या करणार नाही, चोरी करणार नाही, आणि चौथं, खोटं बोलणार नाही. गेली चाळीस वर्षं वस्तीतली लेकरं हे तिच्याच तोंडून शिकली.

तिला एवढा मान होता तो काही नुसत्या आवाजामुळं नव्हता. त्यामागं एक दिवस होता, साठ-एकसष्ट वर्षांपूर्वीचा.

तोवर वस्तीतल्या घरांकडं येसकराची पाळी असायची. म्हणजे गावाची पडेल ती कामं करायची, सांगावे पोचवायचे, मेलेलं जनावर ओढायचं, आणि दिवस मावळताना दारोदार फिरून भाकर मागायची. कुणी ताजी घालायचं, कुणी शिळी, कुणी ताटातली उरलेली. प्रत्येक घरात त्यासाठी एक भांडं वेगळं असायचं. मग वस्तीतला पिराजी, तेव्हा वीस वर्षांचा, बिदरला जाऊन दीक्षा घेऊन आला आणि त्यानं सगळ्यांना ठणकावून सांगितलं: आजपासून मागायचं बंद. मागायचं भांडं घरात राहिलं तर हात पुन्हा तिकडं जाणार. भांडी बाहेर काढा. वस्तीमागं एक कोरडी विहीर होती, तिच्यात सगळ्यांनी आपापली भांडी टाकायची ठरली. सकाळी माणसं जमली, पण पुढं होईना कुणी. भूक काय असते ते सगळ्यांना माहीत होतं. तेव्हा सतरा वर्षांची नवी सून, इंदिरा, पदराखाली झाकलेलं भांडं घेऊन पुढं झाली आणि तिनं ते पहिलं फेकलं. मग बाकीच्यांना लाज वाटली. बघता बघता विहिरीचा तळ भांड्यांनी झाकला.

ही हकिकत दर जयंतीला भाषणात यायची. पिराजीच सांगायचा. 'पहिलं भांडं सुनेनं टाकलं' म्हणताना तो तिच्याकडं बोट दाखवायचा आणि इंदिराबाई मान खाली घालून बसायची. लोक म्हणायचे, बाई किती साधी, एवढं करून मिरवत नाही.

ती मिरवणार कशी? त्या दिवशी पदराखाली होती ती माहेरची पितळी घागर.

मागायचं भांडं म्हणजे जर्मलचं, अॅल्युमिनियमचं भगुणं होतं, मोठं, पसरट, तारेच्या कडीचं, बुडाला ठिगळ मारलेलं. घरात खाणारी तोंडं नऊ. आजवर मागून आणलेल्यावर भागायचं, आता घरी शिजवायला लागणार होतं, आणि नवांचं शिजेल असं दुसरं भांडंच नव्हतं. घागरीत पाणी भरता येतं, कण्या शिजवता येत नाहीत. इंदिरानं आदल्या दिवशी हा हिशोब मनात केला होता आणि सासूला विचारलंही नव्हतं. माहेरची एकुलती एक वस्तू तिनं उचलली, आईच्या नावाची अक्षरं असलेली, आणि टाकून दिली. पितळ दगडावर आपटून घणघणलं. जर्मल असं वाजत नाही, हे कुणालाही कळलं असतं. पण पिराजीनं त्याच क्षणी जय भीमची आरोळी ठोकली आणि तिच्यात तो आवाज बुडाला.

भगुणं तिनं राखेनं आणि चिंचेनं सात वेळा घासलं. नंतरची अकरा वर्षं त्यात शिजवलं, दार लोटून. कुणी आलं की भगुणं चुलीमागं. पुढं नवरा बिदरला हमालीला लागला, घरात नवी भांडी आली, आणि ते माळ्यावर गेलं. सासू-सासरे गेले, दीर हैदराबादेत पांगून तिकडंच वारले, नवरा गेला. जगात ही गोष्ट जाणणारी आता ती एकटीच राहिली होती.

फेब्रुवारीत विहाराच्या आतल्या मोठ्या भिंतीवर चित्र काढायचं ठरलं. सुजाता खीर देते तो प्रसंग. उपासानं हाडांचा सापळा झालेले सिद्धार्थ झाडाखाली बसलेत आणि गावची एक बाई त्यांच्यापुढं खिरीचं भांडं धरून उभी आहे. वैशाख पौर्णिमेला उद्घाटन. काम अर्थातच रत्नपालकडं आलं. महिनाभर त्यानं कुणाला आत येऊ दिलं नाही, वंदनाही बाहेर ओट्यावर व्हायची, आणि एके दिवशी आईला हाताला धरून घेऊन गेला.

"बघ माय."

इंदिराबाईनं पाहिलं. सुजातेचं तोंड तिच्या नातीसारखं होतं, रूपालीसारखं, आणि रूपाली आजीवर गेली असं सगळेच म्हणत. म्हणजे ते तिचंच सतरा वर्षांचं तोंड होतं. आणि हातात जर्मलचं भगुणं. तारेची कडी. बुडाला ठिगळ. ठिगळाला तीन खिळे. एक खिळा थोडा वाकडा, तोही जशाच्या तसा.

"हे कुठनं काढलंस तू?" तिनं विचारलं.

"माळ्यावर घावलं. लई झ्याक हाय की. सगळे सोन्याची वाटी काढत्यात, कॅलेंडरवानी. गावातल्या बाईकडं सोन्याची वाटी आसती व्हय? म्हणलं, आपल्या घरातलंच काढावं. खरं वाटलं पायजे."

बघा, कशी गंमत आहे. येसकरकी त्याच्या जन्माआधी बंद झाली होती, आणि मागायच्या भांड्यांबद्दल त्यानं ऐकलं होतं ते फक्त भाषणात. तशी भांडी विहिरीत गेली, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. मग माळ्यावर जे सापडलं ते मागायचं भांडं असेल, हा संशय त्याला कुठून यावा? ज्यानं आयुष्यभर 'भांडं चुकू नये' म्हणून लोकांचं डोकं खाल्लं, त्यानं बुद्धापुढं येसकराचं भांडं धरलं होतं.

"सोन्याचं कर," ती म्हणाली.

"कामून?"

"बुद्धाला आसलं भांडं शोभत न्हाई."

"माय, तुला कळंना झालंय. ह्येच शोभतंय."

ती पदर सावरून बाहेर पडली.

त्यात रूपालीची भर. रूपाली भालकीच्या शाळेत शिकवायची आणि कविता करायची. कवितेत ती जरा लवकर पेटायची, पण पोरीचे शब्द चांगले होते. बापाचं चित्र बघून तिनं एका बैठकीत कविता लिहिली आणि आजीला वाचून दाखवली. चित्राखाली निळ्या अक्षरांत तीच लिहायची ठरली होती.

'भांडं म्हणजे पोटाबाहेरचं पोट,
ज्याचं रिकामं, त्याचा आवाज मोठा.
माझ्या आजीनं लाज विहिरीत टाकली
आणि हे भगुणं हाती धरलं.
कुणाच्या उंबऱ्यापुढं हे वाकलं नाही,
कुणाचं उष्टं ह्याला ठाऊक नाही.'

"कशी वाटली आज्जी?"

"चांगली हाय," इंदिराबाई म्हणाली, आणि चुलीतला जाळ उगाच पुढं-मागं केला. त्या भगुण्यात तिनं स्वतः उष्टं आणलं होतं. लग्नानंतर वर्षभर, सासूच्या मागं मागं, बत्तीस उंबरे. कुणाच्या घरचं कालवण कसं आंबलेलं असायचं ते तिला आजही सांगता आलं असतं. आता रोज सकाळी त्या ओळींखाली बसून तिला चौथं शील सांगावं लागणार होतं. तिला खरोखर भीती वाटली.

भीती एकाच माणसाची होती. ते भगुणं ओळखणारं आता वस्तीत एकच माणूस उरलं होतं, पिराजी. तो शेजारचा, नात्यानं दीर लागायचा. लहानपणी तिच्या सासूबरोबर मागायला जायचा, कधी कधी तेच भगुणं डोक्यावर घेऊन. आणि सुदैव म्हणा की काय, त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. त्याला माणूस दिसायचा तो सावलीसारखा. इंदिराबाईला त्याच्या मोतीबिंदूचा आधार वाटू लागला, आणि असा आधार वाटतो म्हणून स्वतःची किळसही आली.

एप्रिलातल्या एका दुपारी, सगळे ऊन टाळून घरात असताना, ती ओला फडका घेऊन विहारात शिरली. भगुणं तिच्या छातीच्या उंचीवर होतं. तिनं विचार केला, फक्त ठिगळ पुसावं. ठिगळ गेलं की ते कुणाचंही भगुणं होईल. फडका घासला. रंग पक्का होता, निघेना. तिनं जोर लावला तशी खिळ्याची कड थोडी पुसट झाली, आणि दारात काठी वाजली.

"कोण हाय आत?"

ती भिंतीला चिकटून उभी राहिली. पिराजी काठीनं चाचपत आत आला, खांबाला टेकून बसला, आणि थोड्या वेळानं म्हणाला, "वैनी, तुम्हीच व्हय. बोलंना कामून झालाव?"

"मीच हाय भावजी. केर काढायले."

"बरं झालं घावलाव. मला तर काय दिसंना. रत्नपालनं कसं काढलंय ते सांगा की."

तिनं सांगितलं. पिंपळ सांगितला, सिद्धार्थाच्या बरगड्या सांगितल्या, सुजातेचं हिरवं लुगडं सांगितलं. पिराजी मान हलवत ऐकत होता.

"आन् भांडं? भांडं कसलं दिलंय?"

"सोन्याचं," इंदिराबाई म्हणाली.

पिराजीला फार बरं वाटलं. "तसंच पायजे," तो म्हणाला. "लई वर्सं जर्मलचं बघितलं आपण. पुढच्या हप्त्यात बिदरला जायलोय, डोळ्याचं आपरेशन करायला. पोरगं म्हणालं, ह्या वयात कशाला? म्हणलं, मला त्ये चित्र बघायचंय. मरायच्या आधी येकदा बघायचंय."

त्यानंतरचे वीस दिवस तिनं कसे काढले ते तिलाच माहीत. पिराजी बिदरहून हिरवी पट्टी बांधून आला, मग पट्टी गेली आणि काळा चष्मा आला. तो ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला नावानं हाक मारू लागला, फक्त ओळखता येतं हे दाखवायला. ती समोरून जायची तेव्हा पदर ओढून घ्यायची. दोनदा तिनं ठरवलं, आज जाऊन सांगावं. दोन्ही वेळा त्याच्या उंबऱ्यापर्यंत गेली आणि त्याच्या आजारी सुनेची चौकशी करून परत आली. रत्नपालला वाटलं, मायला ऊन बाधलं. त्यानं कलिंगड आणून दिलं.

पौर्णिमेच्या सकाळी विहार भरून गेला. बाया पांढऱ्या लुगड्यांत, मंडपवाल्याचे पंखे, समोर भिंतीवर पांढरा पडदा. चित्राखाली कविता अजून लिहिली नव्हती. रूपालीनं आधी वाचायची आणि टाळ्या झाल्या की रत्नपालनं सगळ्यांसमोर लिहायला घ्यायची, असा बापलेकीचा बेत होता. पिराजीला पहिल्या ओळीत खुर्ची दिली होती. पडदा त्याच्याच हातून ओढायचा होता.

त्यानं पडदा ओढला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पिराजीनं काळा चष्मा काढला, डॉक्टरनं काढू नका म्हटलं होतं तरी काढला, आणि चित्राच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला. मग परत येऊन खुर्चीवर बसला आणि चष्मा हातातच ठेवला.

इंदिराबाई वंदना सांगायला उठली. त्रिशरण झालं. पहिलं शील झालं, दुसरं, तिसरं. मागून दोनशे आवाज येत होते. चौथ्याला तिचा आवाज आला नाही. लोक थांबले. मागून कुणीतरी हळूच आठवण करून दिली, म्हातारी विसरली म्हणून. ती विसरली नव्हती. पिराजी तिच्याकडं बघत होता, उघड्या, लालसर डोळ्यांनी. तिनं चौथं शील सांगितलं.

मग रूपाली उभी राहिली. पोटाबाहेरचं पोट म्हटल्यावर बायांनी माना हलवल्या. लाज विहिरीत टाकली म्हटल्यावर टाळ्या पडल्या. रूपालीचा आवाज चढला. "कुणाच्या उंबऱ्यापुढं हे वाकलं नाही..."

"थांब, रुपे."

रूपाली थांबली. रत्नपाल हातात ब्रश घेऊन उभा होता तो तसाच राहिला.

"पुढचं वाचू नगंस," इंदिराबाई म्हणाली. तिला बसावंसं वाटत होतं, पण ती उभी राहिली. "त्ये खोटं हाय. ह्या भगुण्यात उष्टं पडलंय. मीच आणलंय. सासूसंगं बत्तीस घरं मागितली मी ह्याच्यात. आन् विहिरीत ह्ये टाकलंच न्हाई. माहेरची घागर टाकली. ह्ये घरात ठिवलं."

एका कोपऱ्यात कुजबुज सुरू झाली आणि थांबली. रत्नपालनं आधी चित्राकडं पाहिलं, मग आईकडं, आणि त्याचं तोंड पार उतरलं. रूपालीनं कागद दुमडून छातीशी धरला. इंदिराबाईला या दोघांचं फार वाईट वाटलं, पण तिची नजर पिराजीवरून हलेना.

"सोन्याचं म्हणला हुताव," पिराजी म्हणाला.

"व्हय. खोटं बोलले."

"त्या ठिगळाचे खिळे मी ठोकून आणले हुते. तुमच्या सासूनं पाठिवलं हुतं मला." तो काठीवर भार देऊन उठला. "साठ वर्सं मी तुमचं नाव घेऊन भाषण करायलोय. लेकराबाळांम्होरं."

"चुकलं माझं भावजी. नऊ माणसं हुती. शिजवायचं कशात?"

"आन् आमच्या घरात कितीजण हुते? सात!" तो ओरडलाच. "मी म्हणलं टाका, म्हून मायनं टाकलं. वर्सभर माझी माय खापरात शिजवायची. एक दिस चुलीवरच खापर फुटलं. सगळ्या कण्या राखंत. त्या राखंतल्या उचलून, धुऊन खाल्ल्या आमी. माय मला काय म्हणाली न्हाई. पर जेवताना तिच्याकडं बघायची छाती व्हायची न्हाई माझी. आन् मधी येक भिंत, वैनी. येकच भिंत. तुमच्या घरातनं डाळीचा वास यायचा."

आता तो काठी उगारतो की काय, असं पुढच्या ओळीतल्या दोघांना वाटलं. ते अर्धवट उठलेही. इंदिराबाई जागची हलली नाही. काय शिक्षा द्यायची ती द्या, असं तिच्या तोंडावर स्वच्छ लिहिलेलं होतं. तिला वाटलं, आता हा म्हणेल, पुसा हे चित्र. म्हणेल, ह्या बाईनं उद्यापासून वंदना सांगायची नाही. तिनं दोन्हीची तयारी केली होती.

पिराजी खाली बसला. डोळ्यांना पाणी लागू द्यायचं नाही असं डॉक्टरनं बजावलेलं, ते आता राहिलं नव्हतं.

"येवढं तुमी सांगायचं हुतं," तो म्हणाला. "गुपचूप सांगायचं. आमीबी मागून न्हेलं आसतं की, वैनी. तुमचं शिजवून झाल्यावर."

त्याला कळू नये, एवढंच इंदिराबाईनं साठ वर्षं पाहिलं होतं. त्याला ते भगुणं हवं असेल, हे तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं.